नाव नको म्हणाली होती

फोटोवालीच्या नणंदेनं आठवड्याभरात वेबसाइटचा कायापालट केला. "वहिनी, लग्नाच्या फोटोंना नुसते नंबर काय देतेस? नवरीचं नाव लिही, हॉलचं लिही, वस्तीचं लिही. लोक नेटवर शोधतात तेव्हा आपण वर दिसायला हवं. पाचव्या पानावर तर वाट चुकलेली माणसंसुद्धा येत नाहीत!"

दोघी खळखळून हसल्या. नणंदेनं फोल्डरवरची नावं बघून चारशे फोटोंखाली मजकूर भरला. महिन्याभरात फोन वाढले.

मंगळवारी दुपारी असाच एक फोन आला. माणूस गोड बोलत होता. त्यानं एका नवरीचं पूर्ण नाव घेतलं. "माझी धाकटी बहीण. तिला न सांगता जाऊन भेटायचंय हो. घर कुठे, तेवढं सांगा."

 ही नवरी फोटोवालीला पक्की आठवत होती. सात माणसांतलं लग्न, आणि सही करतानाही नजर दाराकडे. "फोटो लावा ताई, पण नाव नको. भावानं शोधून काढलं तर जिवंत ठेवणार नाही," असं ती म्हणाली होती. नणंदेला हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

"लक्षात नाही," म्हणून तिनं फोन ठेवला आणि ते नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर तिचीच साइट. नवरी गॅलरीत उभी, मागे निळी पाण्याची टाकी, खाली वस्तीचं नाव.

नणंदेनं फोनवर ऐकताच पान काढून टाकलं. "पण वहिनी, शोधल्यावर ते अजून काही दिवस दिसणार गं." तिला रडू फुटलं.

नवरी फोन उचलेना. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी फोटोवालीनं मेसेज टाकला, 'भावाला वस्ती कळली आहे. घरी जाऊ नका.'

तेवढ्यात स्टुडिओचं दार ढकलून एक माणूस आत आला. आवाज तोच. "फोन कट झाला वाटतं." त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. फोटो त्यानं आधीच उतरवून घेतला होता. "ही गॅलरी कुठल्या बिल्डिंगची?"

तिनं कॅमेऱ्याचा पट्टा मुठीत आवळला. "ते घर फोटोंपुरतं घेतलं होतं, एका दिवसासाठी. ती दोघं तिथे राहत नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीवरचा एकेक फोटो न्याहाळत, सावकाश निघून गेला. तिनं कडी लावली.

चार वाजता नवरीचा फोन आला. "मेसेज पाहिला, ताई. आम्ही कामावरून थेट पोलीस चौकीत आलोय."

"चूक माझी आहे," फोटोवाली कशीबशी म्हणाली.

 "मी नाव नको म्हटलं होतं ना?"



फोटोवालीच्या थापेवर भावाचा विश्वास बसला नव्हताच. दुसऱ्या दिवशी निळ्या टाकीजवळच्या बिल्डिंगखाली, नावांच्या पाट्या वाचताना पोलिसांनी त्याला धरलं. तोवर नवरा-नवरी दुसऱ्या गावी निघून गेली होती. कुठे, ते नवरीनं सांगितलं नाही. फोटोवालीनं विचारलंही नाही. अनोळखी नंबर दिसला की ती अजूनही फोन नणंदेच्या हातात देते.