शेजारणीचा रोल

अभिनयाच्या वर्गात माझे बाबा माझ्या उजव्या हातातून बाहेर आले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

जाहिरातींच्या ऑडिशनची तयारी करून घेणारा तो वर्ग दातांच्या दवाखान्याच्या वर भरायचा. सबनीस सर शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात रिकामा कप दिला. "चहाचा पहिला घोट. चहा विकायला जाऊ नकोस. घरातल्या कुणाचा तरी घोट आठव आणि तोच घे. कॅमेऱ्याला खोटं लगेच कळतं."

मी बाबांचा घोट घेतला. ते आधी फुंकर मारत, मग डोळे मिटत, आणि घोट गिळला की भुवया उंचावून आईकडे बघत. माझ्या भुवया वर गेल्या, तशी कप धरलेल्या बोटांतून त्यांच्या शर्टाची बाही निघाली, मग कोपर, मग चष्म्यासकट ते अख्खे. भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून त्यांनी घसा खाकरला.

"पिल्लू, आई कुठंय?"

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जास्त रेवती रडली. ती माझी रूममेट. बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलात माझ्यासोबत राहिलेली.

मला त्यांना घरी न्यायचं होतं.

"एवढ्यात नको," सर म्हणाले. "घरी नेलंस की रडत बसशील आणि सगळं वाहून जाईल. ऑडिशनपर्यंत राहू देत इथंच. मी आहे ना."

मी विश्वास ठेवला.

मग आम्ही बाबांवर काम केलं. जाहिरात छोटी असते, तीत अख्खा माणूस मावत नाही. सर सांगतील तसं मी कमी करत गेले. आधी खाकरणं काढलं, मग आईला शोधणं, मग पाय ओढत चालणं. काढलेलं सर कपाटात ठेवायचे. बाबांची काही तक्रार नव्हती. त्यांचा शर्ट नवा दिसू लागला, केस काळे झाले. एका सकाळी त्यांनी मला नुसतं "मंजिरी" म्हटलं.

"सर, पिल्लू कुणी काढलं?"

"राहू दे गं. ते वेगळं ठेवलंय."

ऑडिशनच्या दिवशी मी बाबांना आणायला वर्गात गेले, तर खुर्ची रिकामी होती. तशीच स्टुडिओत पोचले. बाहेरच्या बाकावर बाबा बसले होते आणि रेवतीने त्यांचा दंड धरला होता.

"पिल्लू, पाणी हवंय का?" ते तिला विचारत होते.

"रेवती, ते माझे बाबा आहेत."

"सर म्हणाले, तुझ्याकडे अजून निघतील." तिने नजर चुकवली नाही, तिची तयारी चांगली झाली होती. "माझ्या बाबांचं काहीच निघालं नाही गं. ते चहाच पीत नाहीत."

मी वाकून म्हटलं, "बाबा, मी मंजिरी."

लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला जागा करून देताना हसतात, तसे ते हसले. "हो का? छान."

माझं नाव पुकारलं गेलं. आत कॅमेऱ्यामागे सबनीस सर होते.

"सर, तुम्ही?"

"नाव सांग. मग डावी बाजू, उजवी बाजू."

मी नाव सांगितलं. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. मला थांबायचं होतं, पण पाय शिकलेले होते.

"मुलीचं काम रेवतीला दिलंय," सर म्हणाले. "तू शेजारीण. बेल वाजव, दार उघडलं की हस. वाक्य नाही."

खोलीच्या मधोमध नुसतं एक दार उभं होतं, भिंतीशिवाय. मी बाजूने पलीकडे जायला निघाले, तशी चौकटीतून भिंत निघाली आणि माझ्याबरोबर लांबत गेली. मी थांबले की ती थांबायची. पलीकडे कुणीतरी चहासाठी आलं किसत होतं. मग आईचं हसणं ऐकू आलं. आई मिरजेत होती. सकाळीच आमचं फोनवर बोलणं झालं होतं.

मी बेल वाजवली.

बाबांनी दार उघडलं. "कोण हवंय?"

मी हसले. "बाबा" म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडात शब्द नव्हता. त्यांनी सभ्यपणे थोडा वेळ वाट पाहिली.

"कुणी नाही गं, चुकून वाजली," ते आत वळून म्हणाले, आणि दार लावून त्यांनी आतून कडी घातली.