उडवलेला रकाना

तनयने आयुष्यात पिस्तूल हातात धरलं होतं ते एकदाच, तेही लहानपणी दिवाळीत, टिकल्यांचं. आणि हा माणूस गेली दोन वर्षं जर्मनीत, एश्बॉर्नमधल्या एका काचेच्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या लोकांना सांगत होता, की कपड्याआड लपवून बाळगायला छोटं पिस्तूल घ्यायचं तर कुठलं घ्यावं! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्याची कंपनी दुकानदारांच्या वेबसाइटसाठी तुलनेची पानं बनवायची. आधी त्याच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर होते, मग लहान मुलांच्या कारसीट. ती पानं चांगली चालली, म्हणून वरच्यांनी शाबासकी दिली आणि हे अमेरिकन गिऱ्हाईक त्याच्या गळ्यात मारलं. वजन किती, जाडी किती, गोळ्या किती मावतात, चाप किती जड, किंमत काय. रकाने भरायचे, मार्क द्यायचे, नंबर लावायचे आणि घरी जायचं.

ज्या देशात बसून तो हे करायचा, तिथं साध्या माणसाला असलं काही खिशात घालून फिरायची परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य. शेजारच्या टेबलावरचा योआखिम दुपारी कॉफीचा मग घेऊन त्याच्या स्क्रीनमागे उभा राहायचा आणि विचारायचा, "आल्झो, मग आज कोण जिंकलं?" सुरुवातीला तनय हसायचा. आता त्याला हसायचासुद्धा कंटाळा आला होता.

या धंद्यात एक नियम आहे. ज्या रकान्यात सगळ्यांना सारखेच मार्क पडतात, तो रकाना उडवायचा. त्याने निवड करायला मदत होत नाही, नुसती जागा अडते. पिस्तुलांच्या पानावर आधी 'सुरक्षितता' असा एक रकाना होता. आता कुठली कंपनी म्हणेल, आमचा माल धोक्याचा आहे म्हणून? सगळ्यांना नऊ. तनयने तो रकाना काढून टाकला, पान सुटसुटीत झालं, आणि योआखिम म्हणाला, "गेनाऊ!" अगदी बरोबर.

हे नुसतं ऑफिसात चाललं असतं तर एक वेळ ठीक. पण स्वभावाला औषध नाही. घरात पाणी तापवायची किटली घ्यायची तर तनयसाहेबांचा तक्ता तीन आठवडे चालला होता, आणि तोवर त्याची बायको उर्जा पातेल्यात पाणी उकळत होती. "माझं नशीब थोर, आपलं प्रेमात जमलं," ती म्हणायची, "नाहीतर तुझ्या तक्त्यात मी तिसरी आले असते आणि तू पहिलीशी लग्न करून बसला असतास." पुण्याला त्याच्या आईला, प्रभाताईंना, मात्र या गुणाचं भारी कौतुक. फ्रिज असो, विमा असो, आतेबहिणीच्या मुलाचं कॉलेज असो, त्यांचं उत्तर ठरलेलं: "तनयला विचारा. तो सगळं बघून सांगतो."

त्यामुळे टेक्सासला राहणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीचा, अश्लेषाचा, मेसेज आला तेव्हा त्याला काही वावगं वाटलं नाही. 'दादा, तुमच्या साइटवर छोट्या पिस्तुलांची तुलना असते ना? त्यातलं मला कुठलं चालेल? फोन करते.' तो तेव्हा एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, दांड्याला लोंबकळत उभा होता. टेक्सास म्हटल्यावर काय, तिथं घरोघरी असतात, असं म्हणून त्याने अंगठा पाठवला. उलट जरा बरंच वाटलं. दोन वर्षांत घरच्या कुणी त्याच्या या कामाबद्दल विचारलं नव्हतं. आईला तर तो अजून व्हॅक्यूम क्लीनरच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. उर्जा भात लावत होती. सात वर्षांची अन्वी शाळेतली काहीतरी मोठी गोष्ट सांगत बापाच्या मांडीवर चढली होती आणि तो "हं, हं" करत बूट काढत होता. "बाबा, दू ह्योर्स्ट निश्त त्सू!" ती रागावून म्हणाली. तू ऐकतच नाहीस. ते तरी त्याने कुठं ऐकलं! तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि लॅपटॉप उघडून बसला.

"बोला मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडे बारा मॉडेलं आहेत. कुठं ठेवणार? गाडीत, पर्समध्ये, की कमरेला?"

"घरात," अश्लेषा म्हणाली. तिच्या मागे गाड्यांचे आवाज येत होते. किराणा दुकानाच्या पार्किंगमधून बोलत होती, तिच्याकडे भर दुपार होती.

"घरात ठेवायचं तर एवढंसं कशाला? ते लपवून बाळगणाऱ्यांसाठी असतं."

"घरातच. पण अंगावर. गाउनखाली दिसणार नाही असं."

तनय दिवसभर रकान्यांतच होता. डोळे चुरचुरत होते, पाठ आखडली होती, आणि अशा वेळी तोंड आपोआप चालतं. "मग जाडी बघायची. चार नंबरचं सगळ्यात पातळ आहे, पण चाप जड. तुझ्या हाताला झेपायचा नाही. पर्समध्ये ठेवलंस तर सात नंबरचं..."

"पर्स नको दादा. पर्स तो बघतो."

"...सात नंबरचं वजनाला बरं आहे, शिवाय किंमतही," तनयचं तोंड चालूच होतं. बोलून गेला आणि मग त्याच्या कानांत ते वाक्य शिरलं.

"कोण बघतो?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच कळलं की किती मूर्खासारखं विचारलं. अश्लेषा म्हणाली, "घरात आम्ही दोघंच असतो ना रे."

आता इथं एक सांगायला हवं. वेदांगला, म्हणजे अश्लेषाच्या नवऱ्याला, या घरात आणलं होतं ते तनयच्या तक्त्याने. सहा वर्षांपूर्वी सहा स्थळं आली होती. आई गोंधळून गेली, आणि मग तिचं ते ठरलेलं वाक्य. तनयने जर्मनीतून तक्ता करून पाठवला. शिक्षण, पगार, पत्रिका, घरचं वळण, उंची, परदेशातला जम. त्यात 'स्वभाव' असाही रकाना होता. त्याने सहाही मुलांना फोन केले. सहाही जण गोड बोलले. सहाही जणांच्या मावश्या-आत्या म्हणाल्या, मुलगा अगदी शांत आहे हो. सगळ्यांना आठ. सारखेच मार्क. मग काय, त्याने तो रकाना उडवला. वेदांग दोन मार्कांनी पहिला आला, आणि प्रभाताईंनी चितळ्यांकडून पेढे आणले.

अश्लेषा तेव्हा म्हणाली होती, "दादा, मला तो तिसरा बरा वाटतोय. छान हसतो." आणि तनय म्हणाला होता, "हसण्याला मार्क नाहीत गं बाई." सगळं घर हसलं होतं. अश्लेषासुद्धा हसली होती.

हे सगळं त्याला खुर्चीत बसल्या जागी आठवलं.

"हात उचलतो का?" त्याने विचारलं.

"रोज नाही," अश्लेषा म्हणाली.

शिव्या द्यायच्या, तर त्या कुणाला? खोलीच्या दारात उर्जा हातात झारा घेऊन उभी राहिली होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती आत आली. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, मला कुणाला मारायचं नाहीये," अश्लेषा सांगत होती. रडत नव्हती. रडणं कधीच संपलेल्या माणसासारखं सपाट बोलत होती. "मी दमलेय रे. रात्री जिन्यावर त्याची पावलं वाजली की मी श्वास धरते. आज कसा आहे, ते पावलांवरून ओळखते. जवळ काहीतरी असलं तर एक रात्र झोप लागेल, एवढंच डोक्यात आलं. तू सांग ना, कुठलं?"

"अशू, मला काही माहीत नाही," तनय म्हणाला. "खरं सांगतो. मी एकही हातात धरलेलं नाही. मी नुसते आकडे भरतो. आणि ते तुझ्या अंगावर आहे हे त्याला कळलं, त्याने हिसकावलं, तर? नको गं. घेऊ नकोस. तू तिथून बाहेर पड."

"बाहेर पड! दोनदा पडले," ती म्हणाली. "मोटेलमध्ये राहिले. दोन्ही वेळा तो फुलं घेऊन आला, आईला फोन लावून दिला, आई म्हणाली भांड्याला भांडं लागतंच. मग मी परत गेले. माझ्या बाजूला उभं राहायला तिथं कुणी नव्हतं दादा."

"आईंना खरं माहीत होतं?" उर्जाने विचारलं.

"नाही गं वहिनी. कुठल्या तोंडाने सांगू? सगळं बघून दिलं होतं ना."

सगळं बघून. तनयने डोळे मिटून घेतले.

उर्जा मात्र मिटणाऱ्यांतली नव्हती. "अशू, ते पिस्तूल-बिस्तूल डोक्यातून काढ," ती म्हणाली. "तुझी ती कॉलेजची मैत्रीण, संपदा, जवळच राहते ना?"

"अर्ध्या तासावर. पण वर्षभर बोललो नाही. त्याला आवडत नाही ती."

"त्याला आवडत नाही म्हणजे नक्की चांगली असणार. पासपोर्ट कुठं आहे?"

"गाडीत. डिकीत, जादा टायरच्या खाचेत ठेवलाय. महिना झाला."

"मग घरी जाऊच नकोस. तशीच संपदाकडे जा. आत्ता."

"आणि मग? परवा तो तिथंही येईल. गोड बोलेल. मला माहीत आहे ना मी कशी आहे ते." ती थांबली. "मी पुन्हा जाईन, वहिनी. एकटी असले की मी जाते."

"मी येतो," तनय म्हणाला.

अश्लेषा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तू येशील रे दादा. आधी महिनाभर तिकिटांचा तक्ता करशील. जाऊ दे. मला दूध घ्यायचंय, उशीर झाला की तो विचारतो." आणि तिने फोन ठेवला.

तो ठेवला तसा उर्जाने झारा टेबलावर आपटला. "ऐकलंस? तुझी सख्खी बहीण बोलतेय ही. आणि ती म्हणतेय ते खोटंही नाही!"

तनयने पिस्तुलांचं पान बंद केलं. अमेरिकेचा व्हिसा त्याच्याकडे होता, क्लायंटच्या मीटिंगसाठी काढलेला. त्याने तिकिटांची साइट उघडली. समोर भली मोठी यादी आली. भाडं, वेळ, किती थांबे, सामान किती, परतीची सोय. आणि खरं सांगायचं तर सवयीने त्याचा हात भाड्याच्या रकान्यावर गेला, स्वस्त ते वर आणायला. उर्जा त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. तनयने हात मागे घेतला, यादीतलं सगळ्यात वरचं जे काय होतं त्याच्यावर टिचकी मारली आणि पैसे भरून टाकले. योआखिमला दोन ओळी लिहिल्या, घरचं काम आहे, येत नाही. मग लगेच अश्लेषाला फोन लावला.

"दादा, मी लाइनीत आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"दूध ठेव तिथंच. तिकीट काढलं. उद्या सकाळी निघतोय."

"काय?"

"उद्या सकाळी."

"कुठून येणारेस? थांबा कुठं आहे?"

"माहीत नाही गं. बघितलं नाही."

"बघितलं नाहीस?" अश्लेषा म्हणाली. "तू?"

"पहिलं दिसलं ते काढलं. महागच असणार. बॅग मिळतेय की नाही तेही बघितलं नाही."

मग ती हसली. तशीच, लहानपणी हसायची तशी, नाकातून आवाज काढत. हसता हसता ते हसू फाटलं आणि ती त्या दुकानात, दुधाची बाटली हातात धरून, मोठ्याने रडायला लागली. कुणीतरी बाई तिला इंग्रजीत काहीतरी विचारत होती. तनयने फोन कानाला तसाच लावून ठेवला. उर्जाने भाताखालचा गॅस बंद केला, अन्वीला जेवायला वाढलं, तरी तो तसाच बसून होता.

नंतर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "फोन ठेवू नकोस," अश्लेषा म्हणाली.

"नाही ठेवत."

ती गाडी चालवत होती आणि दोघंही फारसं बोलत नव्हते. मधेच तिने सांगितलं की सिग्नल लागलाय, मधेच वेदांगचा फोन येऊन गेला आणि तिने तो घेतला नाही. अन्वी जेवून आत आली, बापाच्या मांडीवर चढली, आणि मघाची ती शाळेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी त्याने फोनवर हात ठेवून ती सगळी ऐकली. एका मुलीचा दात पडला होता आणि तो हरवला होता, एवढीच गोष्ट होती.

"दादा, पोचले," अश्लेषा म्हणाली. गाडीचं दार लागलं. पावलं ऐकू आली, आणि थांबली. "वर्षभर मी संपदाचा एक फोन घेतला नाही रे. काय म्हणेल?"

"तुला काय वाटतं?"

असं त्याने तिला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"दार उघडेल," ती म्हणाली, आणि तिने बेल वाजवली.