सासू नावाची धोंड

मित्रांनो, धोंड म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. करू देत. मी एक जुनी धोंड आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. रंगाने हिरवी, अंगभर डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल मणी, आकाराने मेंढीच्या डोक्याएवढी. आणि वजन? ते उचलणाऱ्याच्या कमरेला विचारा. आख्ख्या किर्गिझ मुलखात माझ्याइतकी जड बाई सापडायची नाही.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. हसू नका. आज इथून कुठल्याही दिशेने घोडा सोडलात तर घोडा म्हातारा होईल पण समुद्र दिसणार नाही. तेव्हा मात्र इथे पाणीच पाणी होतं. तळाच्या भेगेतून उकळता रस वर आला आणि गार पाण्यात थिजला, ती मी. तेव्हा काळीकुट्ट होते. मग दोन्हीकडची जमीन एकमेकींकडे सरकायला लागली, नखं वाढतात तितक्या सावकाश. मधला समुद्र आक्रसला, त्याचा तळ खाली ओढला गेला आणि मीही गेले. डोंगरावर डोंगर रचत जा, बारा-तेरा रचलेत की तेवढी खोल. तिथे असा काही दाब की माझा काळेपणाच पिळून निघाला. मी हिरवी झाले आणि अंगावर हे लाल मणी उमटले. त्रासाने माणसाला सुरकुत्या पडतात, मला दागिने मिळाले. पुढे जमिनीनेच मला परत वर ढकललं. वर येऊन बघते तर समुद्र मिटलेला आणि त्याच्या जागी डोंगर उभे.

यातलं अक्षरही खोटं नाही. थापा मी नंतर मारणार आहे.

कित्येक कोटी वर्षं मी माझ्या भावंडांच्या भिंतीला चिकटून होते. मग एका हिवाळ्यात गोठून तडकले आणि घरंगळत खिंडीखालच्या झऱ्यापाशी येऊन पडले. तिथेच मला सायराकान भेटली.

सायराकान तेव्हा नवी नवरी होती. डोंगराच्या पल्याडहून आत-बाशी गावाकडच्या सासरी निघालेली. झऱ्याशी घोड्यांना पाणी पाजायला सगळे थांबले. तिच्या घोड्यावरच्या पडशीच्या एका कप्प्यात भांडी आणि एक चादर, दुसरा कप्पा रिकामा. पडशी सारखी एका बाजूला घसरत होती. नवऱ्याची पाठ वळलेली बघून तिने मला पोटाशी धरून उचललं आणि रिकाम्या कप्प्यात घातलं. पडशी सरळ झाली. वऱ्हाडाला वाटलं, पोरीने माहेराहून दोन्ही कप्पे भरून आणलेत.

सासरी पडशी उघडली सासूने.

"अगं बाई," सासू म्हणाली, "आमच्याकडे दगडांचा दुष्काळ पडलाय असं कुणी सांगितलं होतं का तुझ्या आईला?"

तंबूभर बायका हसल्या. सायराकान खाली मान घालून उभी होती. तशीच म्हणाली, "साधा दगड नाही तो, आई. आकाशातून पडलाय. वडिलांनी मुद्दाम दिलाय."

ही तिची पहिली थाप. चांगली जमली, म्हणून मग दुसरी आली. पाहुण्यांना ती सांगायची की मला लांडगीने तोंडात धरून आणलं. शेजारणींना सांगायची, कुणा साधूने मेंढीच्या बदल्यात दिली. मी ऐकायचे आणि गप्प राहायचे. आकाशातून पडलेली म्हणवून घ्यायला कुणाला आवडणार नाही?

आणि मला कामही मोठं मिळालं. नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, गोल तंबू बघितलाय का तुम्ही? त्याच्या माथ्यावर लाकडी कडं असतं. वादळ आलं की वारा खालून घुसतो आणि सगळा तंबू टोपीसारखा उचलायला बघतो. तेव्हा त्या कड्याला दोर बांधून मधोमध जड वजन टांगतात. दुसऱ्या दगडांना वारा झोके द्यायचा. मला टांगलं की तंबू जागचा हलत नसे. घरात सगळ्यांत जड, मधोमध बसलेली, कुणाचं न ऐकणारी, म्हणून मला नाव पडलं सासू. खऱ्या सासूलाही ते कळलं होतं. ती म्हणाली, "माझ्यामागे घराला कुणीतरी धरून ठेवायला हवंच."

उन्हाळ्यात वरच्या कुरणावर, थंडीत खाली गावात, दरवर्षी माझी वरात निघे. दोर बांधून बांधून माझ्या कमरेला गुळगुळीत खोबण पडली. एकदा तर वाऱ्याने मला तंबूसकट उचललं, मी चीनच्या हद्दीत उतरले, शिपायांनी चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मी परत आले. ही थाप होती. ओळखलीत ना?

सासू गेली, नवरा गेला. मुलगा उलारबेक कर्ता झाला आणि त्याने लोखंडी खुंट्या आणल्या. मला दाराबाहेर ठेवलं. कुत्रा माझ्यावर... जाऊ दे. लहान मुलं ऐकत असतील.

अशात एका उन्हाळ्यात बेगायिम आली. बिश्केक शहरातली पोर, इमारतींच्या गर्दीत वाढलेली, दगडांचा अभ्यास करणारी. चहाला म्हणून आली आणि दारातच माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी मला कुरवाळलं.

"आपा," उलारबेक आईला म्हणाला, "बाई सासूच्या पाया पडतेय."

"पडू दे. आपल्यात कुणी पडलं होतं?"

बेगायिमने विचारून माझा टवका काढला. "बुडाचा घे हो," सायराकान म्हणाली, "तोंड नको बिघडवू." टवका शहरात गेला. तिथे त्याचे कागदासारखे पातळ काप केले, मणी जाळले, विरघळवले, मोजले, आणि माझं सगळं पोटातलं बाहेर काढलं. समुद्राचा तळ, खोली, वय, सगळं. पुढच्या उन्हाळ्यात पोर नाचतच परत आली. मिटलेल्या समुद्राची शिवण, म्हणजे दोन्हीकडच्या जमिनी जिथे जुळल्या ती रेघ, कुठून गेली हे ती नकाशावर आखत होती, आणि ती तिने थेट सायराकानच्या कुरणातून आखली. आता फक्त माझी भावंडं, डोंगरातली मूळ भिंत, तिला इथेच सापडायला हवी होती. शरद ऋतूत मोठ्या लोकांसमोर नकाशा मांडायचा होता. एका म्हाताऱ्या पंडिताने आधीच टोमणा मारला होता, की एका धोंड्यावर समुद्र काढलास, दोन धोंडे मिळाले असते तर चंद्र काढला असतास.

पोर रोज पहाटे निघायची आणि अंधारताना हात हलवत यायची. इथल्या डोंगरात सगळे करडे खडक. हिरवा एक नाही. माझ्या कमरेची खोबण तिने फूटपट्टीने मोजली आणि सगळ्यांना सांगितलं, ही बर्फाच्या नदीने घासून केलीय, म्हणजे दगड इथल्याच वरच्या उतारावरचा. मला बोलता येत नव्हतं. तुमच्याशी बोलतेय तेवढंच. पोर वाळत चालली होती आणि मी दारात बसून बघत होते. कुणी तिला काही सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. दगड कोण वाहून आणतो, असं तिला वाटे. आणि घरच्यांना वाटे, पोर सोनं शोधतेय.

मग कुरण सोडायच्या आधी वादळ आलं. दुपारीच काळोख. लोखंडी खुंट्या एकामागून एक उपटून आल्या, नमदा फडफडायला लागला, माथ्यावरचं कडं हातभर वर उचललं गेलं.

"सासूला आणा," सायराकान ओरडली.

उलारबेकने मला आत आणलं, दोर खोबणीत घातला, गाठ मारली, सोडलं. तंबू बसला. सगळे हसायला लागले. बेगायिम तेवढी हसली नाही. दोर खोबणीत कसा नेमका बसलाय हे ती बघत होती. मग खोबणीवर बोट फिरवून पुटपुटली, "ही बर्फाने नाही, दोराने पडलीय."

"हा दगड तुमच्याबरोबर फिरतो?"

"घरात ठेवून जायचं की काय तिला?" सायराकान म्हणाली.

"मग आणला कुठून?"

उलारबेकने अभिमानाने सांगितलं, "आकाशातून पडला. आजोबांनी दिला." शेजारचा मेंढपाळ म्हणाला, लांडगीने आणला. त्याची बायको साधूवर ठाम होती. बेगायिम एकेकाकडे बघत राहिली. सायराकान चुलीत गोवऱ्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

सकाळी तिने दोन घोड्यांवर खोगीर चढवलं आणि मला पडशीत घातलं. "चल," ती बेगायिमला म्हणाली. "आणि उलारबेकला काही सांगू नकोस. आकाशातल्या दगडावर त्याचा लहानपणापासून विश्वास आहे."

"मी तरी काय वेगळं सांगते, आपा? समुद्रातून आला म्हणते. माझ्यावरही कुणाचा विश्वास नाही."

"तुझी थाप माझ्याहून मोठी आहे, म्हणून."

लग्नानंतर सायराकान त्या वाटेने क्वचितच गेली होती, आणि आई वारल्यावर तर कधीच नाही. खिंड ओलांडली तेव्हा बर्फ भुरभुरायला लागलं होतं. झरा तिला ओळखू येईना. एक दाखवला तो कोरडा, दुसऱ्याशी करडे खडक. बेगायिमचे ओठ निळे पडले. सायराकान म्हणाली, "परत फिरू या का, पोरी?" पण पोर घोड्यावरून उतरून वरच्या घळीत शिरली होती. बराच वेळ नुसता हातोड्याचा आवाज. मग तोही थांबला.

सायराकान मला पोटाशी धरून धापा टाकत वर गेली. बेगायिम भिंतीला गाल लावून उभी होती. भिंत हिरवी होती, आणि लाल मणी असे, की कुणी टोपलीभर उधळलेत. माझी सगळी भावंडं. सायराकानने मला भिंतीशी टेकवलं. कुठे मी संपले आणि कुठे भिंत सुरू झाली, कळेना.

"शिवण डोंगराच्या या बाजूने जाते," बेगायिम म्हणाली. "माझी रेघ चुकली होती. सगळी पुसून परत काढायला लागेल."

"रडतेस का मग?"

"खरी रेघ सापडली म्हणून."

सायराकानने भिंतीवरून हात फिरवला. म्हणाली, "सासरी निघाले तेव्हा पडशीचा एक कप्पा रिकामा होता माझा. आईकडे घालायला काही नव्हतं." पोरीने तिचा हात धरला.

"हिला इथेच ठेवू या का, आपा? हिचं घर आहे."

"आणि वारा कोण धरणार? तू?" असं म्हणून तिने मला उचललं. पण घोड्यावर चढल्यावर तिने लगाम सासरच्या दिशेला नाही, खाली, माहेरी, भावाच्या गावाकडे वळवला. दार भावजयीने उघडलं. तिने आधी सायराकानकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चूल पेटवली.

मित्रांनो, नदीकाठी, डोंगरात आवडलेला दगड तुम्ही खिशात घालून आणता. आणा. पण कुठून उचलला तेवढं विसरू नका. जागा हरवलेला दगड वजनापुरता उरतो. आणि तुमच्या घरात लांबून आलेलं कुणी असेल, फार जुनं, मधोमध बसलेलं, तर त्यांनाही विचारा, तुम्ही आलात कुठून म्हणून. पहिल्यांदा थापच मारतील. परत विचारा.