खंडेनवमीला झोपवलेला धाकटा

मित्रांनो, मी एक जुना वायरलेसचा डबा आहे. रंग उडालाय, कोपरा चेपलाय. पण बोलायला लागलो की ऐकावंच लागेल!

१९९८ साली मला आष्ट्यापुढे कृष्णाकाठच्या टेकाडावर बसवलं. धरणावरून 'पाणी सोडलं' असा निरोप आला, की मी तो घाटावरच्या भोंग्याला द्यायचा. माझ्या पोटात दोन रेडिओ होते, थोरला आणि धाकटा. सांगलीच्या इंजिनिअर विजयमालाताईंनी दोन दिवस खपून मला शिकवलं, "थोरल्याला दर मिनिटाला हाक मार. तीन हाकांना ओ दिली नाही, तर काम धाकट्याकडे. तोही गप्प असला, तर घंटा वाजव." जाताना राखणदार लालासाहेबांना त्या म्हणाल्या, "सुभेदार, धाकटा कधी बंद करायचा नाही हं."

"आवं ताई, फौजेत राखीव संच आमीच सांभाळत हुतो!"

माणूस लाखात एक. रोज मला पुसायचे. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्राची पूजा करायची, त्याला राबवायचं नाही. लालासाहेब मला म्हणाले, "थोरल्याला सोडता येत न्हाई गड्या, पर धाकट्याला आज सुट्टी." आणि त्यांनी बटण बंद केलं! मग हळदकुंकू, झेंडूची माळ आणि माझ्या डोक्यावरच फोडलेला नारळ. पाणी फटीतून थेट थोरल्याच्या अंगावर गेलं.

एक हाक. दुसरी. तिसरी. थोरला गप्प. धाकट्याला हाक मारली, तो झोपलेला. नेमका तेव्हाच धरणावरून निरोप पुन्हा पुन्हा येत होता आणि माझ्याकडे तो घ्यायला कानच नव्हता. मी जिवाच्या आकांताने घंटा वाजवली.

लालासाहेब धावत आले. हात पुढे केला, मागे घेतला. "आज तुला हात लावायचा न्हाई रं..."

अहो, लावा की! मी मनात ओरडत होतो.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. नदी गढूळ झाली होती. खाली त्यांचा धाकटा भाऊ दादासो पाण्याच्या मोटारीला कुंकू लावत बसला होता, वरच्या अंगाला पाठ करून. लालासाहेबांनी खाडकन बटण दाबलं.

धाकट्याला जागं व्हायला एक मिनिट लागतं. लालासाहेब दारातून ओरडत होते, "दादासोऽ, वर ये!" वारा उलटा होता. दादासोच्या पायाला पाणी लागलं. तो मोटारीचे नट सोडवायला वाकला.

आणि भोंगा वाजला.

दादासो पाना टाकून पळाला. माळेसकट मोटार वाहून गेली. लालासाहेब माझ्याजवळ येऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आता मी कपाटावर असतो, माझ्या जागी नवा डबा आहे. दर खंडेनवमीला दादासो स्वतः नारळ घेऊन येतो. लालासाहेब तो काढून घेतात, बाहेरच्या दगडावर फोडतात आणि आत येऊन आधी नव्या डब्यातल्या धाकट्याचा दिवा पेटलेला पाहतात.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण कुंकू लावायच्या आधी एकदा हाक मारून बघा, आम्ही ओ देतो का.