खोकल्याची जागा

मित्रांनो, जरा जवळ येऊन बसा. मला मोठ्याने बोलवत नाही. भात्याला दोन ठिकाणी ठिगळं आहेत आणि वारा अर्ध्यातच निसटतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, दोन खोल्यांच्या एका घरात, देव्हाऱ्याच्या शेजारी सतरंजीखाली झाकून ठेवलेली असते ती मी. कीर्तनाला साथ करून करून दमलेली एक जुनी पेटी. तुमच्या पुस्तकात मला हार्मोनियम म्हणतात. घरात मला कुणी त्या नावाने हाक मारत नाही.

मला घडवलं गुरप्पा नावाच्या कारागिरांनी. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि लाकडाशी बोलताना दोन्ही. सागवानाची फळी त्यांनी किती दिवस उन्हापासून जपून सुकवली होती. माझ्या पोटातला एकेक पितळी सूर कानाशी धरून, कानशीने इतका-इतकासा घासून त्यांनी जुळवला. सगळं झाल्यावर पहिल्यांदा भाता ओढला आणि म्हणाले, "आवाज ग्वाड हाय. पण हिला स्वतःचा गळा न्हाय बगा. गाणाऱ्याच्या मागं मागं चालायचं हिनं."

तेव्हा मला वाईट वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं. कारण मी यशवंतबुवांच्या घरी आले.

यशवंतबुवा म्हणजे अण्णा. दिवसा गिरणीत, कापूस पिंजण्याच्या खात्यात, आणि संध्याकाळी अंघोळ करून कीर्तनाला उभे. अंगरखा, पगडी, गळ्यात हार, कपाळाला बुक्का. मित्रांनो, तुम्ही कधी कीर्तन ऐकलं आहे का? दिवसभर राबून आलेली माणसं देवळात येऊन बसतात. आधी त्यांचे चेहरे आवळलेले असतात. मग बुवा नमन करतात, एक अभंग घेतात, त्याचा अर्थ उलगडून सांगतात, मध्येच हसवतात. आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे एखादी गोष्ट, उभी करतात. तोवर त्या चेहऱ्यांची गाठ सैल झालेली असते. हे मी हजारदा पाहिलं आहे. पांडुरंगाची शपथ, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

माझ्यामागे बसायचे नंदूकाका. जिल्हा परिषदेतून कधीच निवृत्त झाले, माझ्यापासून अजून नाही.

अण्णांचं एक आख्यान फार गाजलं. एका म्हाताऱ्या आईचं. ती लांबून चालत देवळाशी पोचते तर दार बंद झालेलं असतं. इथे अण्णा थांबायचे. अंगावरचं उपरणं तोंडाशी न्यायचे आणि कोरडं, खोल असं दोनदा खोकायचे. जणू ती म्हातारीच पायरीवर बसून खोकते आहे. देऊळ गप्प व्हायचं. मग अण्णा एकदम गरजायचे, "दार उघड!" आणि खांबाखांबांतून आवाज घुमायचा. लोक त्या जागेची वाट बघत बसायचे. पुढच्या रांगेत बसून वाती वळणाऱ्या रत्नम्मा शेजारणीला कोपर मारून सांगायच्या, "आता खोकतात बघ बुवा!"

गिरणी बंद पडली. अण्णा चिंचोळीच्या एमआयडीसीत वॉचमन झाले. कीर्तन चालू राहिलं. मग एक दिवस देवळाच्या पायऱ्या त्यांना एका दमात चढवेनात, आणि मला सतरंजी पडली. दोन वर्षं मी अंधारात होते. उंदराने माझ्या भात्याची कड कुरतडली. वापरणारा माणूस बसला की वस्तूलाही बसकण येते, मित्रांनो.

सतरंजी काढली ती श्रावणीने, अण्णांच्या मुलीने. शाळेत शिकवते ती. लहानपणापासून माझ्याजवळ मांडी घालून बसायची आणि झांज धरायची. देवळाच्या पंचांनी ठरवलं होतं की यंदाची सात दिवसांची कीर्तनसेवा तिला द्यायची. पंच रावजी म्हणाले होते, "बघू यंदा. बुवांची गादी पेलती का ते कळंल. न्हाय पेलली तर बाहेरून बुवा बोलवू." तिला ते फार लागलं होतं. तीस वर्षं अण्णांनी जे केलं ते आपल्या हातून निसटलं तर? तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

म्हणून तिने काय करावं? लोकांच्या मोबाईलमध्ये अण्णांची जेवढी कीर्तनं होती तेवढी जमा केली. तवा तापला असो की वह्या तपासायच्या असोत, कानात तेच. अण्णा जिथे श्वास घ्यायचे तिथे ती श्वास घ्यायची. जिथे हात उचलायचे तिथे हात. आणि गायची त्यांच्याच पट्टीत, काळी एकमध्ये, म्हणजे माझ्या पहिल्या काळ्या पट्टीवर. गाणारा माझी जी पट्टी आपला 'सा' म्हणून धरतो तिला त्याची पट्टी म्हणतात. काळी एक तिला खाली पडत होती. गळा दाबून, आवाज जाड करून ती तो 'सा' लावायची. घरी अभंगांचा सराव चाले. अण्णा खाटेवर पडून ऐकायचे आणि मान डोलवायचे. आख्यान मात्र घरी उभं करायचं नाही, ते देवापुढेच, असा त्यांच्या घरचा नेम होता.

पहिला दिवस. म्हाताऱ्या आईचं आख्यान ती रोज थोडं थोडं पुढे नेणार होती, आणि रोज ते त्याच बंद दाराशी येऊन थांबणार होतं. ती जागा आली. श्रावणीने उपरणं तोंडाशी नेलं आणि दोनदा खोकली. हुबेहूब. देऊळ थरारलं.

"आगदी बुवाच की गं अम्मा!" रत्नम्मा म्हणाल्या. "डोळे मिटले तर पगडीच दिसती."

रावजींनी मान हलवली. त्या दिवशी श्रावणी घरी चालत गेली नाही, जणू उडतच गेली. पण मला कसंसंच झालं. एवढी माणसं बोलली, त्यात तिचं नाव कुणीच घेतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. नंदूकाका म्हणाले, "पट्टी वर घेऊ का थोडी?"

"नको काका. अण्णांची पट्टी आहे ती."

"अगं, घसा तुझा हाय की."

"नको म्हटलं ना."

काकांनी काळी एकच दिली. त्यांना जे माहीत होतं ते मलाही माहीत होतं, पण ते बोलत नव्हते आणि मला बोलता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी अण्णा आले. रिक्षातून उतरले, दोघांनी धरून पायऱ्या चढवल्या, खांबाला टेकून बसले. लेक बापासमोर उभी राहिली. घसा फाटत होता, पण तिने ओढून नेलं. जागा आली. उपरणं, दोनदा खोकला, मग गर्जना. टाळ्या पडल्या. मी अण्णांकडे पाहत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. ते आपल्या छातीवर हात ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर अण्णांनी हाक मारली. नंदूकाकाही माझी ढिली झालेली पट्टी बघायला आले होते.

"श्रावणी, काल तू का खोकलीस?"

"म्हणजे? तुम्ही खोकायचात ना अण्णा तिथं. ती तर तुमची खास जागा."

"ती जागा न्हवती, पोरी. तो गिरणीचा खोकला होता." त्यांना दम लागला. थांबले. "कापसाची पूड छातीत बसलेली. आख्यानात तितवर आलो की दम संपायचा. लोकांना कळू नये म्हणून थांबायचो, उपरणं लावायचो. लोकांना वाटलं, काय अभिनय हाय बुवांचा! मग मी पण तसंच वाटू दिलं."

अण्णा काकांकडे वळले.

"नंदू, पट्टीचं पण सांग तिला."

"काय सांगू? शपथ तुमीच घातली होती की."

"मोडली समज."

काकांनी मला पुढे ओढलं आणि श्रावणीचं बोट धरून माझ्या एका पट्टीवर ठेवलं. "ही पांढरी चार. खळगा लागतोय? हितं गायचे तुझे अण्णा. खणखणीत. मग दम पुरंना, तेव्हा काळी एकवर उतरले. मोबाईल आले तेव्हा ते उतरलेलेच होते. वरचा आवाज कुणाकडंच न्हाय. ह्या पेटीकडं आहे तेवढाच."

तिने ते बोट काढून घेतलं. चटका बसल्यासारखं.

"म्हणजे एवढे दिवस मी तुमचं दुखणं पाठ केलं?"

"व्हय."

"आणि तुम्ही ऐकत होता खाटेवरून! रोज! एकदा तरी बोलायचं अण्णा!"

अण्णांनी चादरीची कड सरळ केली. मग म्हणाले, "मला बरं वाटत होतं गं. वाटायचं, मीच गातोय अजून."

मित्रांनो, इतकं खरं बोलणारा बुवा मी कीर्तनातसुद्धा ऐकला नव्हता. श्रावणी मात्र रडकुंडीला आली. "मग माझं काय राहिलं? आज संध्याकाळी कुठल्या तोंडाने उभी राहू? मी जात नाही. बोलवू देत रावजींना बाहेरचे बुवा."

अण्णांना काहीतरी म्हणायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली. खरी. खाट हलत होती. श्रावणी धावत गेली, कोमट पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. उबळ ओसरली तशी ती बापाकडे बघत म्हणाली, "आणि मी ह्याच्यावर टाळ्या घेतल्या."

मग ती माझ्यासमोर येऊन बसली. "काका, चार द्या."

पांढरी चार तिला बसली, पण तिने मान हलवली. तिथेही अण्णांचा खळगा होता. काळी तीन झाली. मग पांढरी पाच. त्या पट्टीवर बोटं पडली होती ती येता-जाता. मुक्काम कुणी केला नव्हता. माझाच सूर आधी चिरकला, धूळ बसली होती त्याच्यावर. काकांनी फुंकर मारली, पुन्हा दिला. श्रावणीने तोंड उघडलं. बारीक, उघडा, जरासा थरथरता आवाज आला. झाकायला काहीच नव्हतं त्याच्यावर. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी ते तिच्याकडे बघत होते.

"कसा वाटला?" तिने विचारलं.

"मला न्हाय ठाऊक," अण्णा म्हणाले. "हा मी कधी ऐकलेला न्हाय."

संध्याकाळी ती गेली. पहिला 'सा' लागताच रावजींनी भुवई वर केली. मागची मंडळी कुजबुजली, "काय झालं आज? घसा बसलाय वाटतं." अभंग संपेपर्यंत मागची एक रांग उठून गेली. दोनदा तिची तान अर्ध्यावर पडली. काका आणि मी मागे मागे चालत होतो, पण चालायला पायवाटच नव्हती. तीस वर्षांत मला पुढचा सूर आधीच ठाऊक असायचा. त्या दिवशी प्रत्येक सुराला मी कान देऊन थांबत होते. फार दमले मी, मित्रांनो.

आणि ती जागा आली. म्हातारी आई, बंद दार. श्रावणीचा हात सवयीने उपरण्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. खोकायचं नव्हतं. मग काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं. काकांनी भाता अगदी हलका ठेवला. मी नुसता 'सा' धरून होते. मला वाटलं, संपलं आता.

श्रावणी हळूच खाली बसली. कीर्तनात बुवा असे बसत नाहीत. ती पायरीवर बसल्यासारखी बसली, पाय चोळले, आणि दार न ठोठावता, शेजारणीला हाक मारावी इतक्याच आवाजात म्हणाली, "देवा, निजलास व्हय रे? नीज. दमला असशील. लई माणसं येऊन गेली असतील तुझ्याकडं. मी बसते हितं. तुझं झालं की उघड."

रत्नम्मांच्या हातातली वात तशीच राहिली. आणि मग त्या बाई भर कीर्तनात, कुणाची भीडभाड न ठेवता म्हणाल्या, "उघडंल की गं! जाऊ नको, थांब जरा!"

श्रावणीशी नाही, त्या म्हातारीशी बोलत होत्या त्या.

कीर्तन संपल्यावर रावजी जवळ आले. "बरं झालं," म्हणाले, "पण बुवांसारखं न्हाय हं."

"नाही," श्रावणी म्हणाली, आणि उपरण्याची घडी घालू लागली.

उरलेले दोन दिवस गर्दी थोडी कमीच होती. पुढच्या वर्षी सेवा तिच्याकडे की दुसऱ्या कुणाकडे, हे पंचांनी अजून कळवलेलं नाही. पण सांगोल्याकडच्या एका गावातून बोलावणं आलं आहे. तिथे अण्णांना कुणी ऐकलेलं नाही. घरी ती रोज पांढरी पाचवर बसते, चुकते, पुन्हा बसते. अण्णा खाटेवरून पूर्वी डोलायचे, आता मधेच म्हणतात, "हे न्हाय कळलं मला. परत म्हण." ती परत म्हणते.

मित्रांनो, माझं म्हातारीचं एवढंच सांगणं आहे. घरात पेटी असेल तर तिला उंदरापासून आणि धुळीपासून जपा. आणि ज्यांच्याकडून तुम्ही गाणं, चित्र, अक्षर, जे काही शिकता, त्यांच्याजवळ ते आहेत तोवर एकदा बसा. पाया पडा, जे चांगलं आहे ते मनापासून घ्या. पण विचारा त्यांना, "हे तुम्ही आवडीनं करत होता, की दुखत होतं म्हणून?" ते खरं सांगतात. त्यांनाही ते केव्हापासून सांगायचं असतं.

आता जरा भाता मिटू दे मला. श्रावणी शाळेतून येईलच.