मागच्या जिन्याच्या पायऱ्या

शिलाई कारखान्याच्या सुपरवायझरने अकरा वर्षं तो कागद डोळे मिटून भरला होता. आग लागल्यास बाहेर पडायचा मागचा जिना मोकळा आहे, आणि खाली सही. यंदा कागदावर एक नवा रकाना आला होता : जिन्याला पायऱ्या किती? मालकाला कागद पाचच्या आत हवा होता. वीस लिहिलं असतं तरी कोणी मोजायला येणार नव्हतं. पण त्याचा हात अडला. मोबाइल टेबलावर ठेवून तो हॉलच्या टोकाला गेला, मागचं दार ढकललं आणि पायऱ्या मोजत खाली उतरला.

बावीस भरल्या. खालचं दार मात्र हलेना. खांदा लावला, लाथा घातल्या, तेव्हा बोटभर फट पडली. पलीकडे फोमच्या गाद्यांचे गठ्ठे. खालचं गोदाम मालकाने एका गादीवाल्याला भाड्याने दिलं होतं, आणि त्या बहाद्दराने दाराला टेकवून पार छतापर्यंत माल रचला होता. शिव्या घालत तो वर आला. वरचं दार आपोआप मिटलं होतं, आणि जिन्याच्या बाजूने त्याला ना कडी ना मूठ.

त्याने दार बडवलं. आत चौतीस मशिनी धडधडत होत्या, कुणाला काय ऐकू येणार? चहाला थांबतील तेव्हा बघू, म्हणून तो पायरीवर बसला. मग आठवलं, चहाची घंटा आपणच वाजवतो. त्याला हसू आलं.

दाराच्या पलीकडचं तिसरं मशीन त्याच्या बायकोचं. गेल्या वर्षीपर्यंत ती तिथे बसायची, डोक्यावर या दाराकडे दाखवणारा हिरवा बाण. नवऱ्याची सही आहे म्हणजे जिना असणारच, असं धरून चालली असेल. कधी विचारलं नाही तिने. तिला आजाराने नेलं. आग लागली नाही, यात त्याची काही करामत नव्हती. अंधारात शर्ट पाठीला चिकटला होता. तो पुन्हा उठला आणि हात सोलवटेपर्यंत दार बडवत राहिला.

शेवटी दार उघडलं ते मेहुणीने. ती काजं करायची. चहाची वेळ टळली म्हणून शोधत आली होती.

"भावोजी, आमचा चहा बुडवायला इथे लपलात होय?" म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या हातांवर गेली. त्याने सगळं सांगितलं. तिने जिन्यात डोकावून पाहिलं.

"ताईला माहीत होतं हे?"

"मलाच माहीत नव्हतं."

"सही तर तुमचीच असते."

त्याने टेबलावरचा मोबाइल उचलला. मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, गाद्या दोन दिवसांत हलवतो, आज कागद पाठवून दे, अकरा वर्षांत कुणाचं काही वाकडं झालंय का? आणि सही जड जात असेल तर तसं सांग, दुसरा माणूस बघतो.

त्याने फोन ठेवला. रकान्यात बावीस लिहिलं, आणि जिना मोकळा आहे या ओळीवर काट मारून 'खालचं दार बंद' असं लिहून सही केली. मग जाऊन मेन स्विच खाली ओढला.

मशिनी थांबल्या. चौतीस माना वर झाल्या. पुढच्या जिन्याने खाली चला, तो म्हणाला, आपापल्या पिशव्या घ्या, घाई नको. आग लागली का, एकीने विचारलं. नाही, तो म्हणाला. कोणी उठेना.

"मग आमची आजची हजेरी?"

"मी लावतो."

"आधी उद्या तुमची लागते का बघा," मेहुणी म्हणाली, आणि तिनेच पहिली पिशवी उचलली.