बावीस मिनिटांचा फेरा

वायरमन शिडीच्या सातव्या पायरीवर उभा राहून झुंबरातला बल्ब फिरवत होता, तेवढ्यात खालून कुणीतरी चीत्कारलं, "अगं बाई! हे तेच ना गं? ते रडणारे बाबा!"

त्याने मान वाकवून पाहिलं. लग्नाचा हॉल बघायला आलेलं गिऱ्हाईक होतं. नवरी मुलगी, तिची आई आणि अंगापेक्षाही आवाजाने मोठी अशी एक मावशी. मावशीने मोबाइल आधीच वर धरला होता.

"या ना खाली. एक फोटो. एकच!"

"हातात काम आहे, बाई."

"काम काय पळून जातंय? आमच्या अख्ख्या घराने बघितलाय तुमचा व्हिडिओ. माझे मिस्टर स्वतःच्या बहिणीच्या लग्नात रडले नाहीत, पण तुम्हाला बघून ढसाढसा रडले. त्या व्हिडिओमुळेच तर हा हॉल घेतोय आम्ही."

आवाज ऐकून ऑफिसातून धाकटे मालक लगबगीने आले. "या काका, या खाली," म्हणत त्यांनी स्वतः शिडी धरली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मालकांनी शिडी धरलेली वायरमनने पहिल्यांदाच पाहिली.

तो उतरला. हात पँटला पुसून मावशी आणि नवरी यांच्या मधोमध उभा राहिला.

"जरा तसं तोंड करा ना, व्हिडिओतल्यासारखं," मावशी म्हणाली.

त्याला ते जमलं नाही. मीटर वाचायला आलेल्या माणसासारखा तो नुसता उभा राहिला.

"आणि लेक कशी आहे तुमची? मजेत आहे ना सासरी?"

धाकटे मालक एकदम छताकडे बघू लागले. वायरमनने शेजारच्या मुलीकडे पाहिलं. तेवीस-चोवीसची असेल. उत्तर ऐकायला तिने चेहरा त्याच्याकडे वळवला होता आणि त्या चेहऱ्यावर आनंद नुसता ओसंडत होता. या पोरीसमोर काय बोलायचं?

"मजेत," तो म्हणाला आणि परत शिडी चढला.

त्याच्या लेकीला, माऊला, जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

ती एकुलती एक. घर हॉलपासून दहा मिनिटांवर, त्यामुळे शाळा सुटली की ती थेट हॉलवर यायची. रिकाम्या स्टेजवर पालथी पडून अभ्यास करायची. सायकल शिकली तीही हॉलमध्येच, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या रांगांमधून, गुडघे फोडून घेत. तिचं लग्न ठरलं तेव्हा मोठे मालक म्हणाले होते, "ही हॉलचीच पोर. लग्न इथेच होईल, आणि भाड्याचं नाव काढायचं नाही."

धाकट्या मालकांनी त्याच सुमाराला कारभारात लक्ष घातलं होतं. हॉलचं पेज उघडलं होतं, त्यावर टाकायला त्यांना काहीतरी हवंच होतं. ते स्वतः कॅमेरा घेऊन दिवसभर माऊच्या मागे होते. दुपारी पाठवणीची वेळ झाली तेव्हा वायरमन मात्र गर्दीत नव्हताच. कार्यक्रम संपला की स्टेजवरचे दिवे बंद करायचे, ही हाताची सवय; तो मेन स्विचपाशी गेला होता. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसा तो धावत बाहेर आला, आणि गाडी हलताना बघून मटकन पायरीवर बसला. मग तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा रडला. कॅमेऱ्याने नेमकं ते टिपलं. धाकट्या मालकांनी वर एक करुण गाणं चढवलं, नाव दिलं 'बापाचं काळीज', आणि बघता बघता बारा लाख लोकांनी वायरमनला रडताना पाहिलं.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्यालाही बरं वाटलं होतं. भाजीवाली ओळखू लागली. माऊचा फोन आला की ती आधी हसायची, "बाबा, तुम्ही तर हिरो झालात! माझं लग्न कुणाच्या लक्षातच नाही." आणि हॉलच्या तारखा वर्ष-वर्ष आधी जाऊ लागल्या. त्याने धाकट्या मालकांकडे व्हिडिओची एक प्रत मागितली होती. ते म्हणाले होते, "पेजवर आहे की, काका. वाटेल तेव्हा बघा. तिथून कुठे जातोय?"

लग्नानंतर सोळा महिन्यांनी माऊला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी वायरमन पोचला तेव्हा जावई कॉरिडॉरमध्ये उभे होते आणि त्यांच्या हातात माऊच्या चपला होत्या. त्या चपलांकडे बघूनच त्याला सगळं कळलं. तेव्हा तो रडला नाही. नंतरही नाही. लोक म्हणाले, मोकळं व्हा, साठवून ठेवू नका. पण काही केल्या रडू यायचंच नाही.

व्हिडिओ मात्र चालूच होता. पेजवर होता, आणि लॉबीतल्या मोठ्या टीव्हीवरही होता. हॉलमध्ये झालेल्या सात लग्नांचे तुकडे तिथे एकामागून एक लागायचे. बावीस मिनिटांनी फेरा पुरा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. वायरमनला लॉबीतून जायचं असलं की तो मागच्या दाराने वळसा घालायचा.

दोन महिने त्याने कळ काढली. मग ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मालक, तो व्हिडिओ काढता येईल का?"

धाकट्या मालकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. "काका, मला कळत नाही का? पण तुम्ही असा विचार करा, ती त्यात आहे. हसतेय, बोलतेय. रोज शंभर लोक तिला आशीर्वाद देतायत."

"मेलेल्या माणसाला कसले आशीर्वाद, मालक?"

"तसं नाही हो... शिवाय पेज आता बाहेरची एजन्सी बघते. माझ्या एकट्याच्या हातात नाही राहिलं."

वायरमनने मान हलवली. एजन्सी म्हणजे काय ते त्याला नीटसं कळलं नाही, पण 'नाही' म्हणजे काय ते कळलं.

त्यानंतर लग्नाची तारीख आली. त्या एजन्सीने सकाळी सकाळी पेजवर फोटो टाकला, भोवती बदाम काढले आणि लिहिलं, 'आमच्या हॉलच्या लाडक्या जोडप्याला लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!' शेजारच्या मास्तरांनी कौतुकाने नाही, काळजीने तो मोबाइल त्याच्यासमोर धरला. खाली लोकांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला होता. एकीने विचारलं होतं, 'आता गोड बातमी कधी?' आणि त्याच्याखाली कुणीतरी हसणारी तोंडं टाकली होती.

तेव्हा तो मोठ्या मालकांकडे गेला. म्हातारे आता क्वचितच हॉलवर यायचे. त्यांनी सगळं ऐकलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बोलतो मी त्याच्याशी. बघतो."

त्या 'बघतो'वर सहा महिने गेले. मध्ये जावयांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"बाबा, घरचे मागे लागलेत. एक ठिकाण आलंय. मी... तुम्हाला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही."

"करा," वायरमन म्हणाला. "तीस वर्षांचं वय काय एकट्याने राहायचं असतं का? करा तुम्ही."

फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ हातातल्या टेस्टरचं टोपण उघडझाप करत बसला. बायकोला त्याने लगेच सांगितलं नाही. म्हटलं, सांगू सवडीने.

बायको रोज दुपारी एकला डबा घेऊन यायची. पूर्वी डबा देऊन लगेच परत जायची. हल्ली लॉबीतल्या सोफ्यावर तासभर बसायची. "गुडघे बोलतात हो. जरा टेकते, गार वाटतं," म्हणायची. वायरमनला वाटायचं, बरं आहे, घरी एकटीने भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा माणसांत बसते.

एके दिवशी लॉबीतल्या बोर्डातून करपल्यासारखा वास यायला लागला. त्याने मागे जाऊन लॉबीची लाइन बंद केली. तोच पुढून बायकोचा आवाज आला. उभ्या जन्मात आवाज न चढवलेली बाई चक्क ओरडली होती.

"अहो! आत्ता नको ना! आता आपलाच येणार होता!"

तो धावत पुढे आला. ती अंधारलेल्या टीव्हीसमोर उभी होती. पदराआड लपवलेली चोरी पकडली जावी तसा चेहरा.

"तू... हे बघायला बसतेस?"

तिने पदर सारखा केला.

"अगं, पण मी वर्षभर लोकांच्या पाया पडतोय हे काढून टाका म्हणून. तुला बघवणार नाही म्हणून."

"मला कुठं विचारलंत?" ती हळूच म्हणाली. मग सोफ्यावर बसली. "तुम्ही रडता ते नाही बघत मी. त्याच्या आधी, गाडीत बसताना ती वळते बघा. वळून काहीतरी बोलते. त्या मेल्या गाण्यामुळे ऐकू येत नाही."

"काय बोलते?"

"'आई, पाणी पी.' मी सकाळपासून पाणी नव्हतं घेतलं. घाईत जमलंच नाही. तिच्या लक्षात होतं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "फोटो आहेत हो घरी. पण फोटोत ती वळत नाही."

वायरमनने त्या दिवशी बोर्ड अर्ध्या तासात उरकला. लाइन चालू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोशेजारी त्या मऊ सोफ्यावर बसला. चार लग्नं गेली. मग माऊ आली. गाडीचं दार धरून वळली, ओठ हलले. 'आई, पाणी पी.' आता त्यालाही स्पष्ट दिसलं. पुढे पायरीवर बसून रडणारा माणूस आला तेव्हा दोघांनीही मान खाली घातली.

मोठ्या मालकांना सांगून टाकू, असं त्याने रात्रभरात ठरवलं. राहू द्या म्हणावं. आमचंच चुकलं. आणि धाकट्यांना सांगून ते गाणं तेवढं काढता आलं तर बघावं.

सकाळी तो ऑफिसात गेला तेव्हा धाकटे मालकच हसत पुढे आले. "काका, तुमचं काम झालं बरं का! कालच संध्याकाळी काढला व्हिडिओ. पेजवरून, टीव्हीवरून, सगळीकडून."

वायरमन दारातच थांबला. "कसा काय?"

"तुमच्या जावयांचं लग्न ठरलंय ना? मुलीचे वडील एका मोठ्या कंपनीत आहेत. कंपनीचं स्नेहसंमेलन दरवर्षी आपल्याकडेच असतं. त्यांचा फोन आला, म्हणाले, आमच्या जावयाचं पहिलं लग्न अजून गावभर फिरतंय, बरं दिसत नाही. रास्तच आहे त्यांचं. दहा मिनिटांत काढायला लावला."

"दहा मिनिटांत," वायरमन म्हणाला.

"हो. तुम्हालाही हवंच होतं ना?"

"मालक, त्याची एक प्रत... कुठे असेल ना?"

धाकट्या मालकांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, इथे पाहिलं, तिथे पाहिलं. एजन्सीला फोन लावला. एजन्सीतली मुलगी म्हणाली, सर, तुम्हीच सांगितलंत मुळापासून काढा म्हणून. कॅमेऱ्यातलं कार्ड? त्यावर तर नंतर साठ-सत्तर लग्नं होऊन गेली असतील.

वायरमनने बाहेर येऊन जावयांना फोन लावला. त्यांच्याकडे तो व्हिडिओ आहे का, विचारलं.

"होता माझ्याकडे, बाबा," ते म्हणाले. "परवा मोबाइल साफ केला. त्या लोकांनी... नाही, त्यांचं नाव कशाला घेऊ. मीच काढला. बघितला की मग दिवसभर काही सुचायचं नाही."

"बरं केलंत," वायरमन म्हणाला. त्याने फोन ठेवला.

साडेबाराला त्याने लॉबीतल्या टीव्हीची पिन उपसली.

एकला बायको आली. केस नीट विंचरलेले, अंगावर त्यातल्या त्यात बरे कपडे. कालपासून तिच्या चालीत काहीतरी हलकं झालं होतं. आता चोरून बघायचं कारण उरलं नव्हतं. टीव्ही बंद बघून ती थबकली.

"काय झालं?"

"बिघडलाय."

"मग करा की नीट. तुम्ही कशाला आहात?"

त्याने शिडी आणली. चार स्क्रू काढून टीव्हीची मागची बाजू उघडली. आत सगळं नव्यासारखं स्वच्छ होतं. त्याने टेस्टर या टोकाला लावला, त्या टोकाला लावला, एक वायर काढून तीच परत बसवली. खाली बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. मध्येच धाकटे मालक ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, लोंबणाऱ्या पिनेकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसेच परत आत गेले. जाताना दार त्यांनी अगदी हळू लावलं. बायकोची नजर त्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

"काय गेलंय त्यातलं?" तिने विचारलं.

"एक पार्ट."

"मिळेल?"

त्याचा हात थांबला. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "नाही मिळायचा. आता तो कुठेच मिळत नाही."

खालून तिने डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. नेहमीसारखं तिने त्याचं जेवण वाढलं, ग्लासात पाणी ओतलं. तो ग्लास उचलून ती स्वतःच प्यायली, सगळा, एका दमात. मग रिकामा ग्लास पुन्हा भरून त्याच्या जेवणाशेजारी ठेवला.

"उतरा खाली. जेवून घ्या," ती म्हणाली. "आणि उद्यापासून डबा सकाळी तुमच्याबरोबरच देत जाईन."